‘१,३४७ एरर्स’ दाखवतंय, पैसे भरू का?

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव-गाव देत नाही. घरची हापूसची कलमं आहेत, बाग यजमान बघतात आणि ऑर्डरी, गिऱ्हाईकांचे पत्ते, पेट्यांचा हिशोब, पावत्यांची प्रिंट हे सगळं ताई घरच्या कॉम्प्युटरवर करतात. डेस्कटॉप २०१७ चा, आय-थ्री, रॅम ४ जीबी, विंडोज १०. गेल्या दोनेक वर्षांत तो खूप स्लो झालाय, सुरू केल्यावर चहा होऊन पिऊन झाला तरी एक्सेल उघडत नाही. गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्यानं “मामी, साफ करून देतो” म्हणून एक फुकटचं रजिस्ट्री क्लीनर टाकून दिलं. आता रोज लाल अक्षरात “१,३४७ एरर्स सापडले, तुमच्या पीसीची स्थिती गंभीर” असं येतं आणि ते दुरुस्त करायला वर्षाचे पैसे मागतं. यजमान म्हणतात पैसे भर नि मोकळी हो, सीझनच्या तोंडावर बंद पडला तर काय करायचं. कणकवलीचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू. ताई विचारतात, “विकत घेऊ का? आणि नाही घेतलं तर एवढ्या चुका तशाच ठेवून कॉम्प्युटर वापरणं धोक्याचं नाही का?”

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, कारण ते लाल अक्षर बघून तुम्ही रोज घाबरताय हे पत्रातून कळतंय. नका घेऊ. आणि भाच्यानं टाकलेलं फुकटचं आहे तेही काढून टाका. ते काढल्यानं कॉम्प्युटरला काहीही होणार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला मला, की एवढ्या चुका तशाच ठेवायच्या का. ह्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही आधीच मान्य करून टाकलीय, की त्या चुका आहेत. त्या चुका आहेत असं कोण सांगतंय? तर ज्याला त्या दुरुस्त करायचे पैसे हवेत तोच. त्यामुळे आधी ह्या १,३४७ मध्ये असतं काय ते बघूया.

विंडोजची रजिस्ट्री म्हणजे नोंदींचं एक मोठं दफ्तर. कुठला प्रोग्रॅम कुठे बसवलाय, कुठली फाईल कशात उघडायची, प्रिंटर कुठला, मराठी फॉन्ट कुठले, पासून ते तुमच्या डेस्कटॉपचं चित्र कुठलं इथपर्यंत सगळं त्यात. लाखांनी नोंदी असतात. एखादा प्रोग्रॅम तुम्ही काढून टाकलात की त्याच्या काही नोंदी मागे राहतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखं समजा. आपल्या कोकणातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर आजोबांच्या चुलत भावंडांची नावं अजून तशीच आहेत, त्यातली निम्मी माणसं कधीच गेली, पण त्या नावांमुळे तुम्हाला बागेत जायला एक मिनिटही जास्त लागत नाही. मात्र कोणी परस्पर येऊन “ही जुनी नावं काढून स्वच्छ करतो” म्हणून चुकीचं एक नाव उडवलं तर पुढे किती वर्षं निस्तरावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

ह्या क्लीनरला ‘एरर’ वाटणाऱ्या गोष्टी कुठल्या, तर मागच्या वर्षी उघडलेल्या आणि मग डिलीट केलेल्या एक्सेल फाईलचं नाव ‘नुकत्याच उघडलेल्या फाईल्स’च्या यादीत राहिलं, धरली एक एरर. पेनड्राइव्हवरची फाईल उघडली होती आणि पेनड्राइव्ह आता लावलेला नाही, म्हणजे तो पत्ता सापडत नाही, धरली एरर. जुना प्रिंटर काढला त्याची नोंद राहिली, एरर. अशा करत हजारावर जाणं काहीच अवघड नाही. आज फॉरमॅट करून नवीकोरी विंडोज टाका आणि त्यावर असा क्लीनर चालवा, तरी तो एरर्स काढून दाखवतो. तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळतच नाही.

बरं, साफ केल्यावर स्पीड वाढतो का? विंडोजला एखादी नोंद हवी असते तेव्हा ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, फोल्डरच्या आत फोल्डर असतो तसं नेमक्या पत्त्यावर जाऊन उचलते. बाजूला दुसऱ्या हजारभर निरुपयोगी नोंदी असल्या काय नसल्या काय, तिला त्याचं ओझं होत नाही. जागेचं म्हणाल तर त्या १,३४७ नोंदी मिळून काही शे केबी होतील, म्हणजे मोबाईलवर काढलेल्या एका फोटोएवढ्या पण नाहीत. आणि नोंद उडवली तरी रजिस्ट्रीची फाईल बहुतेक वेळा तेवढीच राहते, आत फक्त रिकामी जागा होते.

मग हे खूळ आलं कुठून, तर ते अगदीच हवेतून आलेलं नाही. रजिस्ट्री आली १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये, तेव्हा अगदी लहान होती, आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यावर गेला. त्या काळी रॅम मोजक्या एमबीत असायची, विंडोज २००० पर्यंत तर रजिस्ट्री किती मोठी होऊ शकते ह्यालाच मर्यादा होती, त्यामुळे ती आटोपशीर ठेवा ह्या सांगण्यात काहीतरी तथ्य होतं. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच तेव्हा रेगक्लीन नावाचं एक छोटं टूल दिलेलं, ते नंतर मागे घेतलं. नंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ती मर्यादा गेली. आज मायक्रोसॉफ्टचं लेखी धोरण असं आहे की रजिस्ट्री क्लीनर वापरायला आमचा पाठिंबा नाही आणि त्यामुळे काही बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते. म्हणजे ज्यांनी ही रजिस्ट्री बनवली तेच सांगतायत की हात लावू नका. अजून काय पाहिजे.

बिघडतं म्हणजे काय होतं तेही सांगते, कारण “एकदा करून बघायला काय जातंय” असं यजमान म्हणतीलच. बऱ्याचदा खरंच काही होत नाही. पण कधी प्रिंटर दिसेनासा होतो, कधी एखाद्या फाईलवर डबलक्लिक केलं की ‘कशात उघडू’ म्हणून विचारायला लागतं, कधी जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स उडतं. तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या पत्रिकेसाठी जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे आणि ज्यानं बसवून दिलं तो माणूस आता गावात नाही. अशी जुनी सॉफ्टवेअर्स आपलं लायसन्स पुष्कळदा रजिस्ट्रीतच कुठेतरी ठेवतात आणि क्लीनरला ती नोंद काय आहे ते कळत नाही. ते एकदा गेलं की परत कोण बसवून देणार? आणि विंडोज पूर्वी रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवायची, ती सोय विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टनं बाय डिफॉल्ट बंद केलीय, त्यामुळे काहीतरी मागे असेलच ह्या भरवशावर राहू नका.

आता त्या लाल अक्षरांबद्दल. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण तिकडे बसलेल्याला नक्की माहीत असतं की समोरचा माणूस घाबरून पैसे भरणार. हा धंदा जगभर चालतो. अमेरिकेत ऑफिस डेपो ह्या मोठ्या दुकानांच्या साखळीवर आणि सपोर्ट डॉट कॉम ह्या कंपनीवर असाच आरोप झाला, फुकट ‘पीसी हेल्थ चेक’ करायचे आणि मशीनमध्ये काय आहे ते न बघताच व्हायरसची लक्षणं दाखवून दुरुस्तीचे पैसे घ्यायचे. २०१९ मध्ये दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून तो खटला मिटवला. मायक्रोसॉफ्टनं पण १ मार्च २०१८ पासून, घाबरवणारे मेसेज दाखवून पेड व्हर्जन घ्यायला लावणाऱ्या अशा क्लीनर-ऑप्टिमायझरना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवून विंडोजच्या डिफेंडर ह्या अँटीव्हायरसकडून ते काढून टाकायला सुरुवात केली. तुमचं त्यातून सुटलं असेल, सगळीच सापडतात असं नाही.

आणि नावाजलेलं घेतलं की काळजी नाही असंही नाही. सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, चांगल्या कंपनीचं, पण २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हॅकर्सनी त्याच्या ५.३३ ह्या व्हर्जनमध्येच मालवेअर घुसवलं आणि ते सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर कंपनीच्याच अधिकृत डाउनलोडमधून पोचलं. मुद्दा एवढाच की असं प्रत्येक सॉफ्टवेअर तुमच्या मशीनमध्ये सगळ्या खोल्यांची किल्ली घेऊन बसतं, तर ज्याचा उपयोग नाही त्याच्या हातात ती द्यायचीच कशाला.

भाच्यावर रागावू नका मात्र. त्यानं प्रेमानं केलं, त्याच्या कॉलेजात सगळे हेच करत असतील.

यजमानांची भीती पण मला चुकीची वाटत नाही, फक्त ती चुकीच्या जागी लागलीय. ऐन मार्च-एप्रिलमध्ये, ऑर्डरी सुरू असताना मशीन खरंच बंद पडू शकतं, आणि पडलं तर त्याचं कारण रजिस्ट्री असणार नाही, बहुतेक हार्डडिस्क असेल. ती २०१७ पासून फिरतेय. म्हणून स्पीडचं बघायच्या आधी पहिलं काम हे करा की गिऱ्हाईकांच्या पत्त्यांची एक्सेल, हिशोब, पावत्या, पत्रिकांच्या फाईल्स, घरचे फोटो हे सगळं एका पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, आणि एक्सेल तेवढी गुगल ड्राइव्हवर पण टाका म्हणजे मशीन गेलं तरी मोबाईलवर उघडेल. हे आजच करा, माझं पत्र पुढे वाचायच्या आधी केलंत तरी चालेल.

आता स्लो का आहे ते. तुम्ही, यजमान, भाचा, दुकानदार, सगळ्यांनी धरून चाललंय की आत घाण साचलीय आणि ती काढली की झालं. मशीन कुठे अडतंय हे कुणीच बघितलेलं नाही. ते बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, खाली ‘मोअर डिटेल्स’ असेल तर त्यावर क्लिक करा, मग परफॉर्मन्स नावाचं टॅब. कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या, तो रडत असतो तेव्हाच बघायचं. डिस्कच्या पुढे ९५-१०० टक्के दिसत राहिलं आणि सीपीयू मात्र १५-२० वरच असला तर डिस्क अडवतेय. मेमरी ८५-९० च्या वर गेली तर रॅम कमी पडतेय. तुमच्या मशीनचं वर्णन वाचून मला वाटतं दोन्ही दिसेल, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, बघा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दुकानात गेल्यावर दाखवायला उपयोगी पडेल.

डिस्क का अडवते ते समजून घ्या म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. तुमच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये चकती फिरते आणि वर एक सुई पुढेमागे होत फाईल शोधते. लहान लहान फाईल्स इकडून तिकडून उचलायच्या असतील तर ती सेकंदाला शंभरेक वेळाच उचलू शकते, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाईल्स लागतात. एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, साधी एसएसडी पण हे काम सेकंदाला हजारोंनी करते. २०१७ च्या मशीनला साधी सॅटा एसएसडी (सॅटा म्हणजे हार्डडिस्कची नेहमीची जोडणी) बसते, २४०-२५६ जीबीची तुमच्या कामाला पुष्कळ झाली. रॅम ४ ची ८ करून घ्या, क्रोममध्ये चार टॅब आणि व्हॉट्सॲप वेब उघडलं की ४ जीबी तिथेच संपते. दोन्हीच्या किमती बदलत असतात तेव्हा दोन दुकानांत विचारा, आणि रॅम तुमच्या मदरबोर्डला कुठली चालते ते मशीन उघडून बघूनच घ्यायला सांगा. दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी एसएसडी. क्लीनरचे पैसे दरवर्षी भरावे लागतील, हे एकदाच.

दुकानदाराचा फॉरमॅटचा सल्ला अगदीच वाईट नाही, पण त्याच जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारून काही महिने बरं वाटेल आणि मग पुन्हा तेच. वर तुमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यात जाणार. त्याला सांगा, फॉरमॅट नको, आहे ती डिस्क एसएसडीवर क्लोन करून द्या. क्लोन म्हणजे सगळं जसंच्या तसं नवीन डिस्कवर. क्लोन करायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या फुकटच्या टूलनं बघायला सांगा, तिथे ‘गुड’ ऐवजी ‘कॉशन’ आलं तर घाई करा. ह्या टूलचं मी सांगतेय कारण ते डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतं आणि काही विकायला बघत नाही.

पैसे न घालता होण्यासारखं पण आहे काही. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचं टॅब आहे, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी तिथे असते, त्यातलं जे ओळखीचं आहे आणि लगेच लागत नाही ते डिसेबल करा, ओळखीचं नसेल ते तसंच ठेवा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, विंडोजचा डिफेंडर आधीपासून आहेच. जागेसाठी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, तिथे टेम्पररी फाईल्स काढायची विंडोजचीच सोय आहे. फक्त त्यात डाउनलोड्सच्या पुढे टिक असेल तर ती आधी काढा, नाहीतर बिलं जातील. सी ड्राइव्ह पूर्ण भरलेला असेल तर ह्यानं खरंच फरक पडतो. आणि आठवड्यातून एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा, कारण विंडोज १० शटडाउन केल्यावर लवकर सुरू व्हावं म्हणून बहुतेक मशीनवर अर्धं काही साठवून ठेवते, पूर्ण ताजी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

आपल्याकडची हवा हे एक वेगळंच प्रकरण आहे आणि ते मुंबईच्या भाच्याला सुचणार नाही. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात मशीन खिडकीजवळ असलं की आतल्या पट्ट्यांना गंज धरतो, पंख्यात धूळ ओली होऊन चिकटून बसते, पाली अंडी घालतात. पंखा अडकला की सीपीयू तापतो आणि तापला की स्वतःच हळू चालायला लागतो. दुकानात नेणारच आहात तर उघडून नीट साफ करून, रॅम काढून तिची टोकं पुसून परत बसवायला सांगा. कॉम्प्युटरची सफाई करायचीच तर ही. पावसात तो महिनाभर बंद ठेवू नका, अधूनमधून तासभर चालवा, आतली ओल जाते. लाईट सारखी येते-जाते म्हणता तर छोटा यूपीएस पाहिजेच, कारण फाईल लिहित असताना अचानक लाईट गेली तर विंडोजच्या फाईल्स खरोखर बिघडतात, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढायच्या. अशी बिघाडाची शंका आली तर त्यासाठी विंडोजचं स्वतःचं साधन आहे, एसएफसी स्कॅननाऊ म्हणतात, दुकानदाराला नाव सांगितलंत तरी कळेल. ते विंडोजच्या मूळ फाईल्स तपासून खराब झालेली बदलतं.

रजिस्ट्रीला कधीच हात लावू नये असं माझं म्हणणं नाही. एखादा प्रोग्रॅम अर्धवट निघालाय आणि त्यामुळे नवीन बसत नाहीये, किंवा व्हायरस काढल्यावर त्याची एखादी नोंद मागे राहून रोज एरर देतेय, अशा वेळी जाणकार माणूस ती एकच नोंद शोधतो, तिची कॉपी बाजूला ठेवतो आणि मग काढतो. त्याला माहीत असतं आपण काय काढतोय. एका बटणावर हजार नोंदी उडवणं हा त्यातला प्रकार नाही.

क्लीनर काढायचं सेटिंग्जमधून, ॲप्समध्ये जाऊन त्याचं नाव शोधून अनइन्स्टॉल. काढताना “खरंच जाताय का, ७० टक्के सूट घ्या” वगैरे येईल, नो म्हणत पुढे जा. काढल्यावरही कोपऱ्यात लाल सूचना येत राहिल्या तर त्या ब्राउझरमधून येतायत, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या साईट्सची यादी बघा आणि अनोळखी सगळ्या काढा. कुठल्याही लाल मेसेजमधल्या फोन नंबरवर फोन करायचा नाही, आणि कोणी फोनवरून स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवायचं. आणि यजमानांनी आधीच कुठे पैसे भरलेत का ते एकदा प्रेमानं विचारा, कारण ही सबस्क्रिप्शन्स पुढच्या वर्षी आपोआप कापून घेतात. यूपीआय असेल तर ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून असतं तिथून रद्द होतं, कार्ड असेल तर बँकेतून.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण त्या १,३४७ पेक्षा ती मला जास्त लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची सोय दिलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. तुमचं २०१७ चं मशीन बहुतेक विंडोज ११ च्या यादीत बसणार नाही, त्याला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे हा सीझन एसएसडीवर आरामात काढा, पण बँकेचं आणि पैशाचं काम ह्या मशीनवर कमी करत आणा आणि पुढच्या मशीनसाठी थोडे बाजूला टाकायला लागा. एसएसडी तेव्हा पण वाया जात नाही, नवीन मशीनमध्ये जादाची डिस्क म्हणून लागते.

कणकवलीला जायच्या आधी टास्क मॅनेजरचा तो फोटो मला पाठवा, डिस्क आणि मेमरी दोन्ही दिसतील असा. रॅम लागेलच की नुसत्या एसएसडीवर भागेल ते बघून सांगते.